शस्त्रे सापडली नाहीत, तरी कौल मिळाला

भोपाळ लोकसभा मतदारसंघात १२ मे २०१९ रोजी मतदान झाले, २३ मे रोजी मतमोजणी झाली, आणि मध्य प्रदेशाचे दहा वर्षे मुख्यमंत्री राहिलेले काँग्रेसचे उमेदवार दिग्विजय सिंह साडेतीन लाखांहून अधिक मतांनी पराभूत झाले. त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात, बालाकोटवरील हवाई हल्ल्यात नेमके काय साधले याचा पुरावा सरकारने जगापुढे मांडावा, अशी मागणी ज्या मोजक्या पुढाऱ्यांनी उघडपणे केली त्यांत त्यांचे नाव अग्रभागी होते. सबब, पुरावा मागितला म्हणूनच भोपाळने त्यांना घरी बसवले, असा निवाडा पुष्कळांनी त्याच संध्याकाळी देऊन टाकला आणि तो अद्याप या शहरात ऐकू येतो. हा निवाडा खरा मानावा काय? आणि खरा असेल, तर युद्धकाळात सरकारने शस्त्रांविषयी किंवा शत्रूच्या हानीविषयी केलेले दावे संशयास्पद ठरले तरी मतदार त्या सरकारला शिक्षा का करीत नाही? किंवा कधी करतो?

या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने अभ्यास झाला तो अमेरिकेत, राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या २००४ च्या फेरनिवडणुकीसंबंधात. भोपाळचे आकडे वाचण्याची दृष्टी आपल्याला तेथून मिळण्यासारखी आहे.

इराकमधील शस्त्रे

इराककडे रासायनिक आणि जैविक अस्त्रे आहेत व अण्वस्त्रांची सिद्धता चालू आहे, अशी गुप्तवार्ता हा बुश यांच्या युद्धाचा मुख्य आधार होता. २८ जानेवारी २००३ च्या भाषणात त्यांनी आफ्रिकेतून युरेनियम मिळवण्याच्या इराकच्या प्रयत्नांचा उल्लेख केला, ५ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे मांडली, आणि मार्चमध्ये फौजा इराकमध्ये शिरल्या. पुढे महिन्यांमागून महिने शोध चालला. जानेवारी २००४ मध्ये शोधपथकाचे प्रमुख डेव्हिड के यांनी पद सोडले आणि सिनेटच्या समितीपुढे, आपण सर्वच जण चुकलो होतो, अशा अर्थाची कबुली दिली. त्यांच्यानंतरच्या प्रमुखाचा, चार्ल्स डुल्फर यांचा अहवाल ऑक्टोबर २००४ मध्ये, म्हणजे मतदानाच्या तोंडावर प्रसिद्ध झाला, आणि युद्धापूर्वी इराककडे अशा अस्त्रांचा साठा नव्हता हे त्याने स्पष्ट केले. तरीही २ नोव्हेंबर रोजी बुश यांना ५०.७ टक्के मते मिळाली, प्रतिस्पर्धी जॉन केरी यांना ४८.३ टक्के, आणि बुश दुसऱ्यांदा राष्ट्राध्यक्ष झाले.

अहवाल लपवलेला नव्हता, वृत्तपत्रे मुकी नव्हती, मतदार निरक्षर नव्हते. मग हे घडले कसे?

निदान आणि उपचार

घरातील मुलाला ताप भरला असता वैद्याने विषमज्वराचे निदान करून औषध सुरू केले, आणि चार दिवसांनी रक्ताच्या तपासणीत विषमज्वराचा मागमूसही आढळला नाही, परंतु तोवर ताप उतरला असेल, तर घरचे लोक निदानाचा जाब विचारीत बसत नाहीत. उलट ताप चढतच राहिला, औषधाचा खर्च वाढला आणि मूल सुकत चालले, तर मात्र पहिल्या दिवसाची चिठ्ठी शोधून काढली जाते आणि चूक कोणाची याचा पंचनामा सुरू होतो. युद्धाचे कारण आणि युद्धाचा परिणाम यांचे लोकमानसातील नाते पुष्कळसे असेच आहे. २००४ च्या शरद ऋतूत अमेरिकेतील कित्येकांना हा ताप उतरत असल्यासारखा वाटत होता: सद्दाम हुसेन पकडला गेला होता, इराकमध्ये निवडणुका व्हावयाच्या होत्या. मृत अमेरिकी सैनिकांची संख्या सप्टेंबरात एक हजाराच्या पुढे गेली होती खरी, आणि तिचा परिणामही झाला. डेव्हिड कॅरोल आणि एडवर्ड मिगेल या अभ्यासकांनी, कोणत्या राज्याचे किती सैनिक कामी आले याची मतांशी सांगड घालून, या हानीमुळे बुश यांची जवळजवळ दोन टक्के मते गेली असा अंदाज बांधला. परंतु दोन टक्के गमावूनही ते निवडून आले. दोन वर्षांनी, नोव्हेंबर २००६ मध्ये, इराकमध्ये यादवी माजलेली असताना त्यांच्या पक्षाने अमेरिकी काँग्रेसची दोन्ही सभागृहे गमावली. अस्त्रांविषयीचे सत्य २००४ मध्ये आणि २००६ मध्ये एकच होते. बदलली होती ती रोग्याची अवस्था.

उपमा मात्र एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ते सांगितले पाहिजे. ख्रिस्तोफर गेल्पी, पीटर फीव्हर आणि जेसन रायफलर यांनी अमेरिकी मतदारांच्या पाहण्यांवरून असे दाखवले की, आणखी किती सैनिकांचे बलिदान सोसावे हे लोक ठरवतात ते 'आपण जिंकू काय' या अपेक्षेवरून, पण मत कोणाला द्यावे हे ठरवताना 'युद्धात पडणे योग्य होते काय' हा मागे वळून केलेला विचार अधिक वजनदार ठरतो. म्हणजे निदानाचा प्रश्न मतदार अगदीच सोडून देत नाही. परंतु युद्ध योग्य होते की नव्हते हे तो ठरवतो कशावरून? याचे उत्तर मेरीलँड विद्यापीठाशी संबंधित एका संस्थेच्या ऑक्टोबर २००४ च्या पाहणीत मिळते. डुल्फर यांचा अहवाल येऊनही बुश यांच्या समर्थकांपैकी ७२ टक्के लोक, इराककडे प्रत्यक्ष अस्त्रे होती किंवा ती बनवण्याचा मोठा उपक्रम तरी होता, असेच मानत होते. मनुष्य पक्ष आधी निवडतो आणि वस्तुस्थितीची निवड त्या पक्षाच्या अनुरोधाने करतो, ही गोष्ट अमेरिकेपुरती नाही, आणि तिच्याबद्दल केवळ अशिक्षितांना दोष देणे अन्यायाचे होईल.

याहून सूक्ष्म एक गोष्ट मतदान करून बाहेर पडणाऱ्यांच्या पाहणीत दिसली. आपल्या मताचे मुख्य कारण 'इराक' असे सांगणारे १५ टक्के होते आणि त्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांशांनी केरी यांना मत दिले. 'दहशतवाद' असे सांगणारे १९ टक्के होते आणि त्यांतील ८६ टक्के बुश यांच्याकडे गेले. एकाच युद्धाला कोणत्या सदरात टाकावयाचे यावर कौल अवलंबून राहिला. त्यामुळे सत्ताधाऱ्याची सारी शक्ती दाव्याची सत्यता सिद्ध करण्यापेक्षा, हा विषय 'गुप्तवार्तेची चूक' या सदरातून काढून 'राष्ट्राचे रक्षण' या सदरात नेण्यात खर्च होते.

युद्धाच्या आरंभी राष्ट्र नेत्यामागे उभे राहते, हेही खरेच. राज्यशास्त्रज्ञ जॉन म्यूलर यांनी १९७० मध्ये हा नियम आकड्यांनिशी मांडला; पण ही लाट ओसरते. बुश यांचे वडील १९९१ च्या आखाती युद्धानंतर ८९ टक्के लोकांच्या पसंतीस उतरले होते, आणि १९९२ मध्ये ते हरले. नुसत्या लाटेने फेरनिवडणूक जिंकता येत नाही. लाट आणि मतदान यांच्यामध्ये किती काळ गेला हे पाहावे लागते.

अहवालाची मुदत आणि मतदानाची तारीख

माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे आहे. गुप्तवार्तेविषयीच्या वादाचा निवडणुकीवर काय परिणाम होईल हे दावा खरा की खोटा यावर जितके अवलंबून असते त्याहून अधिक, अधिकृत निवाडा मतदानापूर्वी येतो की नंतर, यावर असते. बुश यांनी फेब्रुवारी २००४ मध्ये चौकशी आयोग नेमला आणि त्याला मुदत दिली ३१ मार्च २००५ ची. सिनेटच्या समितीने जुलै २००४ मध्ये हेरखात्याच्या चुकांचा अहवाल दिला, परंतु राज्यकर्त्यांनी त्या गुप्तवार्तेचा वापर कसा केला हा जो नाजूक भाग, तो निवडणुकीनंतरसाठी तहकूब ठेवला. तो पुरा व्हायला २००८ उजाडले. परिणामी मतदारापुढे जे दफ्तर आले त्यात दोषी होते ते हेर, त्यांचे धनी नव्हेत.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच वर्षीचे स्पेनचे. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदच्या आगगाड्यांत स्फोट होऊन १९१ माणसे मेली, आणि सरकारने बास्क फुटीर संघटना ईटीए हिच्याकडे बोट दाखवले. निवडणूक तीन दिवसांवर होती. १३ मार्चला पोलिसांनी पकडलेले संशयित निराळ्याच दिशेचे, इस्लामी अतिरेक्यांच्या वर्तुळातील निघाले, रस्त्यांवर लोक जमले, आणि १४ तारखेला सत्ताधारी पक्ष हरला. स्पॅनिश मतदार अमेरिकी मतदाराहून अधिक चिकित्सक होता असे यावरून ठरत नाही. त्याला उत्तर वेळेवर मिळाले एवढेच ठरते.

ज्या शहरात १९८४ च्या डिसेंबरातील वायुकांडाचा फौजदारी निकाल ७ जून २०१० रोजी लागला, त्या शहरातील वाचकाला या कालांतराचा अर्थ विस्ताराने सांगण्याची गरज नाही.

चौकट : दावा, मतदान, निवाडा

टोंकिनचे आखात — दुसऱ्या नौदल-हल्ल्याचा दावा ऑगस्ट १९६४. जॉन्सन यांची निवड नोव्हेंबर १९६४. सिनेटमधील फेरतपास १९६८. तो हल्ला झालाच नव्हता असे दाखवणारा सरकारी अभ्यास खुला २००५.
कारगिल — युद्ध मे ते जुलै १९९९. मतदान सप्टेंबर-ऑक्टोबर १९९९. चौकशी अहवाल संसदेत फेब्रुवारी २०००.
इराक आणि ब्रिटन — शस्त्रांविषयीचा सरकारी दस्तऐवज सप्टेंबर २००२. ब्लेअर यांचा तिसरा विजय मे २००५, बहुमत १६७ वरून ६६ वर. चिल्कॉट अहवाल जुलै २०१६.
माद्रिद — स्फोट ११ मार्च २००४. अटक १३ मार्च. मतदान १४ मार्च.

विरोधकांची कोंडी

केरी यांनी या वादाचा लाभ का उठवला नाही? कारण ऑक्टोबर २००२ मध्ये सिनेटने ७७ विरुद्ध २३ मतांनी युद्धाचा अधिकार दिला तेव्हा होकार देणाऱ्यांत तेही होते. 'मला चुकीची माहिती दिली गेली' असे म्हणावे तर आपण फसलो हे कबूल होते. 'मी योग्यच मत दिले' असे म्हणावे तर तक्रारच उरत नाही. ऑगस्ट २००४ मध्ये, आज जे ज्ञात आहे ते ठाऊक असते तरी मी तसेच मत दिले असते, असे त्यांनी सांगितले, आणि त्या क्षणी प्रचारातील हे शस्त्र बोथट झाले.

गोपनीयतेचा फास सत्ताधाऱ्याच्याही गळ्यात पडू शकतो, हे मात्र विसरू नये. १९६० मध्ये केनेडी यांनी, क्षेपणास्त्रांत रशिया अमेरिकेच्या पुढे गेला आहे, असा आरोप प्रचारात जोराने मांडला. टेहळणी विमानांच्या छायाचित्रांवरून अशी तफावत नसल्याचे आयझेनहॉवर यांच्या सरकारला बरेचसे ठाऊक होते, पण ती छायाचित्रे चव्हाट्यावर मांडता येत नव्हती. त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष निक्सन सुमारे १ लाख १२ हजार मतांनी हरले. नव्या संरक्षणमंत्र्यांनी फेब्रुवारी १९६१ मध्येच पत्रकारांना सांगितले की तफावत नाही. ज्याच्याजवळ सत्य आहे त्यालाच ते बोलण्याची मुभा नसते, असा हा प्रसंग.

भोपाळचे आकडे

आता स्वगृही येऊ. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाचे ४० जवान मारले गेले. २६ फेब्रुवारीच्या पहाटे हवाई दलाच्या मिराज विमानांनी, ज्यांचे मूळ ठाणे आमच्याच प्रांतातील ग्वाल्हेर येथे आहे, बालाकोटवर बाँब टाकले. परराष्ट्र सचिव विजय गोखले यांनी सकाळी वाचलेले निवेदन मोजक्या शब्दांचे होते: जैश-ए-महंमद आणखी आत्मघातकी हल्ल्यांच्या तयारीत असल्याची विश्वसनीय वार्ता मिळाली, म्हणून प्रतिबंधक कारवाई केली, आणि मोठ्या संख्येने अतिरेकी ठार झाले. संख्या त्यात नव्हती. ती पुढे वृत्तवाहिन्यांवर तीनशे झाली, आणि भाजपचे तत्कालीन अध्यक्ष अमित शहा यांनी ३ मार्चला अडीचशेहून अधिक सांगितली. दुसऱ्याच दिवशी हवाई दलप्रमुख धनोआ यांनी, लक्ष्यावर आघात झाला, परंतु मृतांची गणती करणे हे हवाई दलाचे काम नव्हे, असा खुलासा केला. मग परदेशी वृत्तसंस्थांनी उपग्रहाची छायाचित्रे दाखवून इमारती उभ्याच असल्याचे म्हटले. २७ फेब्रुवारीच्या चकमकीत पाकिस्तानचे एफ-१६ विमान पाडल्याचा भारताचा दावा होता. पहिल्या टप्प्याच्या मतदानाला आठवडा उरला असता एका अमेरिकी नियतकालिकाने त्यावर शंका घेतली आणि ८ एप्रिलला हवाई दलाने रडारचे पुरावे मांडले. पाकिस्तानने दोन्ही दावे नाकारले.

या वादाने भोपाळ काँग्रेसच्या हातून गेले काय? २०१९ मध्ये भाजपच्या उमेदवार प्रज्ञासिंह ठाकूर यांना ८,६६,४८२ आणि दिग्विजय सिंह यांना ५,०१,६६० मते पडली, अंतर ३,६४,८२२. पाच वर्षांपूर्वी, २०१४ मध्ये, पुलवामा नव्हते, बालाकोट नव्हते, उमेदवारही दोन्ही बाजूंचे निराळे होते, आणि भाजपचे आलोक संजर जिंकले ते सुमारे ३ लाख ७० हजारांनी. अंतर वाढले तर नाहीच, किंचित घटले. १९८९ पासून येथे काँग्रेसचा एकही उमेदवार निवडून आलेला नाही. शिवाय या लढतीत चर्चा झाली ती अधिक करून मालेगाव स्फोटाच्या खटल्याची, ज्यात ठाकूर तेव्हा आरोपी होत्या आणि ज्यातून ३१ जुलै २०२५ रोजी विशेष न्यायालयाने त्यांची निर्दोष मुक्तता केली. भोपाळच्या निकालात पुरावा मागण्याची शिक्षा शोधणे म्हणजे आधीच उतारावर असलेल्या जमिनीचा उतार कालच्या पावसाच्या नावे लिहिणे होय.

बालाकोटचा प्रभाव पाहावयाचा तर दृष्टी संपूर्ण प्रांतावर टाकावी. डिसेंबर २०१८ मध्ये काँग्रेसने २३० पैकी ११४ जागा मिळवून मध्य प्रदेशात सरकार स्थापिले होते. भोपाळ लोकसभेच्या आठ विधानसभा मतदारसंघांपैकी तीन तिच्याकडे आले होते. सहा महिन्यांत लोकसभेला तिच्या पदरी २९ पैकी एकटे छिंदवाडा उरले. या पालटाला शेतकऱ्यांच्या खात्यांत जमा झालेल्या रकमांसारखी कारणे आहेत, आणि मतदार प्रांताचे सरकार व देशाचे सरकार वेगळे तोलतो हेही आहे. पण फेब्रुवारीपूर्वी विरोधकांच्या प्रत्येक सभेत राफेल विमानांच्या किमतीचा प्रश्न गाजत होता, आणि मार्चपासून तो मागे पडून सीमेपलीकडे काय घडले याचीच चर्चा सुरू झाली, हे कोणीही वर्तमानपत्रांची जुनी बाडे चाळून पाहावे. अमेरिकी मतदार 'इराक' आणि 'दहशतवाद' या दोन सदरांत विभागला गेला होता तेच येथे घडले. पुरावा मागणारा मनुष्य आपण शस्त्रवार्तेच्या सत्यतेविषयी बोलत आहोत असे समजत होता, आणि ऐकणाऱ्याला तो जवानांच्या शौर्याविषयी बोलतो आहे असे वाटत होते.

एक भेद लक्षात घेतलाच पाहिजे. अमेरिकेत मतदार राष्ट्राध्यक्षाच्याच नावापुढे खूण करतो. आपल्याकडे पंतप्रधानाला मत देण्याची सोय घटनेत नाही, ५४३ मतदारसंघांतून ते झिरपत जाते, आणि वाटेत जात, उमेदवार, पाणी, रस्ते यांचा हिशेब होतो. म्हणून आपल्याकडे असा वाद मोजणे अधिक अवघड.

आणि तारखेचा नियम येथेही लागू पडला. २७ फेब्रुवारीच्या त्याच सकाळी काश्मीरात बडगाम येथे हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर कोसळून हवाई दलाचे सहा जण आणि एक नागरिक ठार झाले होते. ते आपल्याच क्षेपणास्त्राने पडले, ही आमची मोठी चूक, असे नवे हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे मान्य केले ते ४ ऑक्टोबर २०१९ रोजी. हवाई दलाने ती कबुली दिली याबद्दल मला आदर वाटतो, परंतु मतपेट्या मे महिन्यातच उघडल्या होत्या.

कारगिल, आणि त्याही पूर्वीचे दफ्तर

१९९९ चा दाखला याहून बोलका आहे. १७ एप्रिलला वाजपेयी यांचे सरकार एका मताने पडले, मे महिन्यात कारगिलच्या शिखरांवर घुसखोर आढळले, आणि हेरखात्याला त्यांचा सुगावा का लागला नाही हा प्रश्न पहिल्या दिवसापासून विचारला गेला. युद्ध संपताच, २९ जुलै रोजी, के. सुब्रह्मण्यम् यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल डिसेंबरात सादर झाला. मधल्या काळात निवडणूक होऊन गेली होती. भाजपला १९९८ मध्ये १८२ जागा मिळाल्या होत्या, १९९९ मध्येही १८२ च मिळाल्या. वाढले ते मित्रपक्षांचे बळ, आणि घटल्या त्या काँग्रेसच्या जागा, १४१ वरून ११४ वर. विजयाने गुप्तवार्तेच्या अपयशाचा प्रश्न झाकला, तरी विजयाचे मोठे पीकही सरकारच्या पक्षाच्या पदरात पडले नाही. अहवाल संसदेपुढे ठेवताना त्यातील काही मजकूर सुरक्षेच्या कारणास्तव गाळला गेला, तो आजही गाळलेलाच आहे.

१९६२ च्या चीन युद्धाचे दफ्तर तर त्याहून घट्ट बांधलेले. कृष्ण मेनन यांच्या जागी संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीत गेलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या काळात लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत यांनी पराभवाची चौकशी केली. सप्टेंबर १९६३ मध्ये चव्हाणांनी संसदेला तिचे सार सांगितले, त्यात गुप्तवार्तेच्या संकलनातील आणि मूल्यमापनातील उणिवांचाही उल्लेख होता. मूळ अहवाल मात्र बाहेर आला नाही. १९६७ मध्ये काँग्रेसच्या जागा ३६१ वरून २८३ वर घसरल्या, पण तोवर नेहरू दिवंगत झाले होते, रुपयाचे अवमूल्यन झाले होते, धान्याची टंचाई दारात होती, आणि त्या घसरणीत चीन युद्धाचा वाटा किती हे सांगू शकणारा कागद मतदाराच्या हाती नव्हता. २०१४ मध्ये नेव्हिल मॅक्सवेल या पत्रकाराने त्यातील काही भाग जगापुढे आणला. सरकारने तो अहवाल अजूनही अधिकृतपणे प्रसिद्ध केलेला नाही, आणि ज्यांना त्याच्या आधारे मत देता आले असते त्या मतदारांपैकी बहुतेक आता हयात नाहीत.